वासाचं कार्ड

भागूबाईंची सही मिळाली नाही तर श्रीरंगची बदली चंद्रपूरला होणार होती, आणि त्याच्या बायकोने, मीराने, कालच विरारच्या नव्या फ्लॅटला पडदे लावले होते.

"पडदे काढणार नाही म्हणजे नाही," मीरा चहाचा कप त्याच्यापुढे आदळत म्हणाली. "इतकी वर्षं बिल्डरच्या दारात चपला झिजवल्या, तेव्हा कुठे हे घर हातात आलंय. माझी शाळा इथे आहे. तुझ्या त्या आजींना सांग, एक सही करा म्हणावं."

"त्या माझं ऐकत असत्या तर मी सकाळी सकाळी चंद्रपूरचं हवामान कशाला बघत बसलो असतो?" मोबाइलमधून डोकं वर न काढता श्रीरंग म्हणाला. हवामान काही शुभवर्तमान देत नव्हतं.

श्रीरंग 'किनारा गॅस' या कंपनीत जनसंपर्क अधिकारी होता. ही कंपनी घरोघरी पाइपने गॅस देते. वसईजवळच्या वटार गावातला पाइप नेमका भागूबाईंच्या केळीच्या वाडीतून जाणार होता. वाडी भागूबाईंची, पण दरारा सगळ्या आळीवर. त्या हो म्हणाल्या की सगळे हो म्हणणार, आणि त्या नाही म्हणाल्या की देवाचीही टाप नव्हती. भागूबाई नाही म्हणत होत्या.

त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. मागे कुठलीतरी पाइपवाली माणसं आली होती. त्यांनी रस्ता खणला आणि ती गेली ती गेलीच. त्या खड्ड्यात आधी भागूबाईंची शेळी पडली, मग शेजारच्या मटिल्डाबाई स्कूटीसकट पडल्या, आणि शेवटी खड्ड्याची पाहणी करायला आलेले पुढारी पडले. पुढारी पडले तेव्हा कुठे खड्डा बुजला.

"खनायला समदे येतात रे बाबा," भागूबाई श्रीरंगला दर खेपेला सांगत, "बुजवायला कोन येत नाय. चाय घे आनि जा."

श्रीरंग चहा घेई आणि जाई. आळीत त्याच्याइतका चहा कोणीही प्यायला नसेल.

त्याचे साहेब जितेंद्र मुंबईच्या ऑफिसात बसत. त्यांना खेड्यातल्या लोकांबद्दल फार प्रेम होतं, कारण त्यांचा खेड्याशी कधी संबंध आला नव्हता. "विश्वास आधी, पाइप नंतर" हे घोषवाक्य त्यांचंच. त्यांनी नियमही केला होता: एखाद्या भागातून गॅसच्या वासाची तक्रार आली, तर ती मिटेपर्यंत तिथला अधिकारी हलणार नाही. रजा नाही, बदली नाही, परगावी लग्नाला जायलासुद्धा नाही. "लोकांना वाटलं पाहिजे श्रीरंग, की हा माणूस आपला आहे," ते म्हणायचे. "सो लेट्स बिल्ड ट्रस्ट, काय?"

ट्रस्ट बिल्ड करायला त्यांनी वटारला दोन गोष्टी धाडल्या. पहिली म्हणजे कंपनीचं नाव लिहिलेल्या, झगझगीत केशरी जाकिटांचे गठ्ठे. ते बघून भागूबाई म्हणाल्या, "हे घालून आमी काय रस्ते झाडू?" गठ्ठे कंपनीच्या पिवळ्या गाडीत मागे पडून राहिले. दुसरी गोष्ट म्हणजे वासाची कार्डं.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. हा वास लोकांना आधीच ओळखीचा व्हावा म्हणून ही कार्डं. कार्डावर एक चंदेरी पट्टी, ती नखाने खरवडली की सडक्या अंड्यासारखा भपकारा यायचा. खाली तक्रारीचा नंबर. इथवर सगळं ठीक होतं. पण मुंबईच्या ऑफिसातल्या कुणाला तरी वाटलं, की अंड्याचं चित्र काही बरं दिसणार नाही. म्हणून त्यांनी कार्डावर मोगऱ्याचा गजरा छापला.

कार्डं वाटायला श्रीरंगने भागूबाईंच्याच पडवीत सभा घेतली. सभेला बायकाच बायका आल्या, कारण श्रीरंगने वडे सांगितले होते. तो उभा राहिला आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने नागरिकांनी घ्यावयाच्या खबरदारीवर बोलू लागला. तो बोलत होता, बोलत होता, आणि नेमका "हे कार्ड खरवडल्यावर" इथपर्यंत आला तोच गरम वड्यांची परात आली. पुढचं कोणी ऐकलं असेल तर शपथ. नाही म्हणायला मटिल्डाबाईंनी ऐकलं. त्यांना पित्ताचा त्रास, तळलेलं चालत नव्हतं, म्हणून बिचाऱ्या भाषण ऐकत बसल्या.

आता त्या आळीची एक रीत आहे. चांगली वस्तू घरात आली की ती वापरायची नाही, ठेवायची. आणि ठेवायची म्हणजे ट्रंकेत ठेवायची. वर मोगऱ्याचा गजरा, श्रीरंग म्हणाला होता वासाचं कार्ड, तेव्हा आणखी काय विचारायचं? घरोघरी कार्डं ठेवणीतल्या साड्यांच्या घडीत गेली, जिथे एरवी वाळ्याची जुडी असते. वाटून उरलेला गठ्ठा भागूबाईंच्या ट्रंकेत गेला. एकट्या मटिल्डाबाईंनी आपलं कार्ड स्वयंपाकघरात कॅलेंडरखाली टाचलं, आणि एकदा खरवडून, नाक मुरडून, वास पाठ करून ठेवला.

ट्रंका बंद झाल्या. आत साडीवर साडी घासत राहिली.

आणि भागूबाईंच्या नातीची, हेमांगीची, हळद आली.

श्रीरंगला साहेबांनी मुदत दिली होती ती त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. हळदीच्या घरी सहीचा कागद घेऊन जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तो वसईच्या ऑफिसात शब्द जुळवत बसला होता, तोच तक्रारीचा फोन खणखणला.

"हॅलो, मी वटारवरनं मटिल्डा बोलते. हितं गॅसचा वास येते. लय येते!"

"मटिल्डाबाई, कुठे येतोय?"

"भागूबाईकडं! मांडवात! सगळीकडं! तू सांगितलंस ना फोन करा, म्हणून केला. ये आता लवकर!"

श्रीरंगने पिवळी गाडी काढायला लावली. गाडीवर दिनानाथ होता. हा ड्रायव्हर, गॅस मोजायचं यंत्र चालवणारा आणि स्वभावाने दुःखी, असा तीन कामांचा एक माणूस.

"साहेब," गाडी वळवताना दिनानाथ म्हणाला, "वटारात आपला पाइप गेलेला नाही."

"मला माहीत आहे."

"पाइप नाही, तर गॅस नाही. गॅस नाही, तर गळतंय काय?"

"तेच बघायला चाललोय ना!"

"जाऊ या," दिनानाथ सुस्कारा टाकून म्हणाला. "आपल्या नशिबात कोणाची तरी हळद मोडायचं लिहिलंय."

मांडवात ते शिरले तेव्हा हळद अशी रंगात आली होती. डीजे दणाणत होता, मागे चुलीवर भात रटरटत होता, मटिल्डाबाईंचे यजमान एल्रॉय आपल्या ब्रास बँडसकट पाळीची वाट बघत उभे होते, आणि ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायका हेमांगीभोवती फेर धरून नाचत होत्या. आणि वास! वास इतका, की दिनानाथने आधी नाक धरलं आणि मग यंत्र. यंत्र मात्र शून्य दाखवत होतं.

पण कंपनीची शिस्त म्हणजे शिस्त. श्रीरंगने हात वर केले. "डीजे बंद! लाइटी बंद! चूल विझवा! मोबाइल बंद!"

डीजे मध्येच थांबला. मग हेमांगीचा भाऊ प्रितेश डीजेवरून उडी टाकून आला. "ओ साहेब, डोकं फिरलंय काय? बहिणीची हळद आहे माझ्या!"

"गॅसचा वास येतोय. ठिणगी उडाली तर?"

"अरे, पन गॅसच नाय ना आमच्याकडं!" असं ओरडत भागूबाईंचे धाकटे दीर नथू पुढे आले, आणि बोलता बोलता मध्येच थांबले. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तो चुकीचा होता, पण पडला खरा. "म्हंजे... पाइप टाकला तुमी! वैनीनं सही दिली नाय म्हनून रातचा चोरून टाकला!"

"नाही हो काका! शपथ!"

"मग वास कोनाच्या बापाचा?"

नथूकाकांना उत्तर नकोच होतं, त्यांना कुदळ हवी होती. बघता बघता आळीतले पुरुष चोरपाइप शोधायला लागले. एक खड्डा अंगणात खणला, एक गोठ्यापाशी, एक बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाला, आणि एक तर भर रस्त्यात. ज्याला जिथे वास आला त्याने तिथे खणलं. आणि वास तर सगळीकडेच होता, कारण बायका घाबरून सगळीकडे पळत होत्या. पाइप एकच सापडला, तोही नथूकाकांच्या कुदळीला, तोही भागूबाईंच्याच विहिरीवरच्या पंपाचा. पाण्याचा फवारा उडाला आणि तो विझलेल्या चुलीवर, भाताच्या टोपात आणि भटजींच्या अंगावर पडला.

"पंप बंद करा!" नथूकाका ओरडले.

"बटणाला हात लावायचा नाही!" श्रीरंग ओरडला.

हेमांगीला रडू कोसळलं. हळदीच्या तोंडावरून आसवं ओघळायला लागली, तशी भागूबाई कमरेला पदर खोचून श्रीरंगपुढे उभ्या राहिल्या.

"तुला चाय पाजली ना मी? दर टायमाला पाजली ना? मग माजे नातीचे हळदीवर का उठलास? उद्या लगीन हाय तिचं. भाताचा चिखल झाला, बाजा बंद, पोर रडते. आता सही तर सोडच, ह्या आळीत पाय टाकून दाखव!"

श्रीरंगला डोळ्यांपुढे चंद्रपूर दिसलं. पडदे काढताना मीरा दिसली. आणि त्याच वेळी त्याच्या नाकात असा भपकारा शिरला की दोन्ही दिसेनासे झाले. भागूबाई रागाने दोन पावलं मागे गेल्या. भपकारा कमी झाला. त्या आणखी काही बोलायला पुढे आल्या. भपकारा वाढला.

श्रीरंग गोठ्याकडे गेला. तिथे काही नाही. चुलीपाशी गेला, तिथे काही नाही. एल्रॉय आणि बँडवाल्यांजवळ गेला, तिथे फक्त घामाचा वास. पुन्हा बायकांच्या घोळक्याजवळ आला, आणि त्याचा जीव गुदमरला. सगळं त्याच्या ध्यानात आलं. पण ध्यानात येणं सोपं आणि सांगणं महाकठीण. पंचाहत्तरीच्या बाईला तिच्या नातीच्या हळदीत, तिच्या कुदळ धरलेल्या दिराच्या देखत, हे सांगायचं कसं?

"आजी, रागावू नका," तो कसाबसा म्हणाला, "वास तुमच्या अंगाला येतोय."

नथूकाकांनी कुदळ खांद्यावरून खाली घेतली. एल्रॉयने छातीवर क्रूस काढला.

"म्हणजे साडीला! साडीला!" श्रीरंग घाईघाईने ओरडला. "पदर झटका आजी, तुमच्या पायाशप्पथ सांगतो, एकदा झटका!"

भागूबाईंनी पदर झटकला, आणि तो त्यांनी त्याला फटकारण्यासाठीच झटकला होता. त्यातून चंदेरी भुकटी उडाली आणि निऱ्यांतून मोगऱ्याचा गजरा छापलेलं एक कार्ड टप्पकन खाली पडलं. पट्टी पार घासून गुळगुळीत झाली होती.

"अगं बाई," भागूबाई म्हणाल्या.

मग एकेका बाईने पदर झटकला. कोणाच्या पदरातून, कोणाच्या पोलक्यातून, कोणाच्या ओच्यातून, घडीबरोबर नेसली गेलेली कार्डं पडायला लागली. "मला वाटलं, तुझ्या अंगाला वास येते!" "आनि मला वाटलं, तुझ्या!" अशी जी कुजबुज सुरू झाली, तिच्यातून दोन जुन्या अबोल्यांची कारणंसुद्धा उघडी पडली.

मटिल्डाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाषण चालू असताना वडे खाल्ले की असंच होते."

आता पुढचं श्रीरंगने जे केलं, ते जनसंपर्काच्या कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. तक्रार मिटल्याशिवाय त्याला हलता येत नव्हतं, आणि साड्यांचा वास गेल्याशिवाय तक्रार मिटत नव्हती. त्याने गाडीतून लाल-पांढऱ्या पट्ट्यांची रिळं काढली, ज्यांनी धोक्याची जागा अडवतात. त्या पट्ट्या दिनानाथने केळीपासून केळीपर्यंत बांधल्या. बायका घरी जाऊन साड्या उतरवून गाऊनवर आल्या, आणि त्यांचे शालू, पैठण्या खाडीच्या वाऱ्यावर फडफडायला लागल्या.

"पन गाऊनवर हळदीला कशी बसू?" हेमांगीची आई लाजून म्हणाली. "पावणे काय म्हनतील?"

श्रीरंगने दिनानाथकडे पाहिलं. दिनानाथने सुस्कारा टाकला आणि केशरी जाकिटांचे गठ्ठे खाली उतरवले.

मधल्या वेळात एल्रॉयने हळूच विचारलं, "साहेब, लाइटीचा बाजा चालत नाय. पण तोंडानं फुंकलं तर ठिणगी पडते काय?"

श्रीरंगने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही पडत."

झालं! बँड सुरू झाला. गाऊनवर केशरी जाकिटं घातलेल्या बायका हेमांगीभोवती नाचायला लागल्या. हेमांगी हसायला लागली. भटजींनीही एक जाकीट मागून घेतलं, कारण त्यांचं अंगवस्त्र ओलं होतं. प्रितेश लांब रस्त्यावर जाऊन मोबाइल चालू करून फोटो काढायला लागला. शेजारच्या आळीतून भात आला, वालाचं बिरडं आलं, कोणाला काही कमी पडलं नाही.

श्रीरंग मात्र नाचत नव्हता. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, फावडं घेतलं आणि खड्डे बुजवायला लागला. अंगणातला बुजवला, गोठ्याजवळचा बुजवला, दिनानाथला घेऊन बावखलाच्या काठचा बुजवला. पंपाच्या पाइपला जोड दिला. शेवटी रस्त्यातला खड्डा बुजवून त्यावर तो स्वतः उड्या मारत होता, माती दाबायला, तेव्हा भागूबाई जाकीट घालून तिथे आल्या.

"हे खड्डे तू खनलेस?"

"नाही आजी. काकांनी."

"मग बुजवतोस कशाला?"

"शेळी पडेल," श्रीरंग म्हणाला. त्याला दम लागला होता, त्यामुळे याहून मोठं भाषण त्याला करता आलं नाही. "आणि मटिल्डाबाई येतील स्कूटीवरून."

भागूबाईंनी पायाने माती दाबून पाहिली. मग त्यांनी हळदीचा हात जाकिटाला पुसला. "दे तो कागद. आमचे खड्डे बुजवलेस, तर तुजे तू बुजवशीलच."

सही झाली. हळदीच्या बोटांचे ठसेही त्यावर आले. घरी आल्यावर श्रीरंगने मीराला दारातूनच ओरडून सांगितलं, "पडदे राहू दे!"

मीराने पाचव्या मजल्यावर ऐकू जाईल असं ओरडून त्याला मिठी मारली आणि लगेच दूर झाली. "अंघोळ कर आधी. कसला घाण वास येतोय तुला!"

सोमवारी जितेंद्र साहेबांचा फोन आला. प्रितेशचे फोटो फिरत फिरत मुंबईच्या ऑफिसात पोचले होते. "श्रीरंग! व्हॉट अ फोटो! अख्खं गाव आपलं जाकीट घालून नाचतंय! भटजीसुद्धा! आणि तू श्रमदान करतोयस! अरे, याला म्हणतात विश्वास! तुला बढती दिली मी."

"थँक्यू सर!" श्रीरंगला भरून आलं.

"चंद्रपूरला. तिथलं गाव फारच भडकलंय, त्यांनी आपली गाडी अडवून ठेवलीय. तूच हवास तिथे. गुरुवारी मी भूमिपूजनाला वटारला येतोय, तिथेच तुला निरोप देऊ. ओके?"

सही न मिळाल्याची शिक्षा चंद्रपूर, आणि सही मिळाल्याचं बक्षीसही चंद्रपूर! श्रीरंगने हे मीराला सांगितलं नाही. तो थेट वटारला गेला आणि भागूबाईंच्या ओटीवर मटकन बसला.

"आजी, सही मागे घ्या."

"आता गं बया!" भागूबाईंनी सूप खाली ठेवलं. "इतके दिवस सही करा, सही करा म्हनून डोकं खाल्लंस, आनि आता माघारी घ्या?"

श्रीरंगने सगळं सांगितलं. चंद्रपूर सांगितलं, मीराची शाळा सांगितली, पडदे सांगितले, साहेब आणि साहेबांचा नियमसुद्धा सांगितला.

"सही माघारी घ्यायची आमच्यात रीत नाय," भागूबाई म्हणाल्या. श्रीरंगची मान खाली गेली. "पन तो नियम परत सांग बघू."

त्याने परत सांगितला.

"बरं. चाय घे आनि जा. पडद्यांना हात लावू नको म्हनावं बायकोला."

गुरुवारी जितेंद्र साहेब आले. पाइप यायचा होता त्या जागेवर नारळ मांडला होता, एल्रॉयचा बँड सज्ज होता. साहेबांनी नारळ उचलला, तेवढ्यात दिनानाथकडचा तक्रारीचा फोन वाजला. फोन पन्नास पावलांवरच्या घरातून होता. मटिल्डाबाई म्हणत होत्या, "भागूबाईकडं गॅसचा वास येते. लय येते!"

साहेब स्वतः धावले. पडवीत पाऊल टाकलं आणि रुमाल नाकाला लावला. "ओ माय गॉड! पण पाइप तर अजून टाकलेला नाही! मग वास कसा येतोय?"

"ते मी काय सांगू?" भागूबाई म्हणाल्या. "गॅस तुमचा, वास तुमचा."

दिनानाथने यंत्र फिरवलं. शून्य. तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "साहेब, यंत्राचं काही सांगता येत नाही. पण नाकाला येतोय म्हणजे तक्रार उघडी आहे."

"आनि तक्रार मिटल्याबिगर हितला मानूस हलायचा नाय," भागूबाईंनी साहेबांकडे बघून विचारलं. "असा तुमचाच नियम हाय ना? का तो पन खड्डा खनून पळनाऱ्यांसारखा?"

अंगणात सगळी आळी उभी होती. साहेबांनी रुमाल खाली घेतला, आळीकडे पाहिलं, श्रीरंगकडे पाहिलं. "अर्थातच आमचा नियम! श्रीरंग, तुझी बदली तूर्त थांबवतो. हा वास मिटल्याशिवाय तू इथून हलायचं नाहीस."

"यस सर," श्रीरंग म्हणाला. त्याची नजर मात्र भागूबाईंच्या हाताकडे गेली होती. त्यांच्या अंगठ्याचं नख चंदेरी झालं होतं.

साहेब गाडीत बसेपर्यंत तो तिथेच रेंगाळला. मग हळूच म्हणाला, "आजी, नख धुवा."

भागूबाईंनी अंगठा पदराखाली घेतला.

"धुते. ट्रंकेत अजून लय हायत, परत लागंलच."